डावीकडचा मधला खण

४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. (नमस्कार आहे, पण रागातला आहे.)

नाही म्हणजे नाही. तू फोन आपटलास म्हणून ते मेज काही अख्खं जुनं होत नाही. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून आता कागदावर भांडते. इथे तुला मध्ये बोलता येणार नाही.

पुन्हा पहिल्यापासून सांगते. तुझ्या दुकानातून त्या दातांच्या डॉक्टरांनी नेलेलं लिहायचं मेज आमच्या लिलावघरात विकायला आलंय. डॉक्टर लहान घरात राहायला जातायत, म्हणून. सोबत तुझा कागद आहे, की सबंध मेज जुनं, एकाच कारागिराच्या हातचं. खाली तुझी ती ठसठशीत सही. आणि तपासायचं काम साहेबांनी नेमकं माझ्या गळ्यात घातलं.

आधी कितीतरी वेळ मी नुसती बघत बसले. अक्रोडाचं लाकूड, रंग मधासारखा झालाय. पुढची कड किती जणांच्या मनगटांनी घासून गोल झाली असेल कोण जाणे. मग तू शिकवलंस तसे सगळे खण बाहेर काढून पालथे घातले. वर्षानुवर्षांत लाकूड आडवं आकसतं, हे तूच माझ्याकडून घोकून घेतलंयस. सगळ्या खणांचे तळ आकसलेत, मागे नखभर फट पडलीय. फक्त डावीकडच्या मधल्या खणाला फट नाही. त्याचं लाकूड जुनंच आहे, पण आकसून झाल्यावर कापलेलं. तो खण नंतर कोणीतरी करून बसवलाय, मावशी.

आणि काय बसवलाय! कोपऱ्यातले दाते एकमेकांत असे अडकलेत की केस शिरणार नाही. बाकीच्या खणांचे दाते किंचित डावीकडे कललेत, मूळ कारागिराची ती खोड असणार. ह्या पठ्ठ्याने ती खोडसुद्धा उचललीय. माणूस लबाड, पण हात असा की पाया पडावं.

वीस तारखेला माझा अहवाल जातो. खरं लिहिलं तर तुझी सही खोटी ठरते, आणि तुझं दुकान त्या सहीवरच उभं आहे. नाही लिहिलं, तर हे सगळं शिकले कशाला? आता तूच सांग.

रागाव हवी तेवढी, पण माया पातळ करू नकोस.

तुझी,
वाळवी

९ फेब्रुवारी

चि. वाळवीस,
अ. उ. आ. (अर्धेच पाठवतेय. उरलेले माफी मागितल्यावर.)

तुझ्या काकांनी तुला वाळवी म्हणायला सुरुवात केली ती उगाच नाही. रांगायला लागलीस तशी प्रत्येक टेबलाखाली. पण म्हणून माझ्याच सहीला लागायचं?

ते मेज आलं तेव्हा मी तुझ्या आईच्या आजारपणासाठी तुमच्याकडे होते. परतले तर मेज वरच्या माळ्यावर, ह्यांच्या कामाच्या खोलीत. आल्या दिवसापासून ते तिथेच, आणि दार आतून लावलेलं. एक मेज पुसायला इतके दिवस लागतात का, म्हणून मी ह्यांना बोलबोल बोलले. हे गप्प. तुला माहीतच आहे, हे गप्प बसायला लागले की भिंतीलासुद्धा कंटाळा यायचा.

माणूस सोन्यासारखा, पण दुरुस्तीवाला. पाय हलतोय, बसव. बिजागरी गेली, लाव. स्वतःच्या मनाने म्हणून काही केलं असेल तर तू कॉलेजला निघालीस तेव्हाचं ते बुटकं स्टूल, तेवढंच. हे जाऊन एवढी वर्षं झाली, पण अजून दुकानात एखादी खुर्ची कुरकुरली की मी जिन्याकडे बघून हाक मारते आणि मग जीभ चावते.

असो. तुझी मोजपट्टी तुझ्यापाशी. मी डोळे मिटून बोटांनी बघते, आणि माझी बोटं अजून कधी चुकलेली नाहीत. त्या मेजाचे सगळे खण मी पालथे घालून हात फिरवला. सगळे चांगलेच होते, पण तू म्हणतेस त्या मधल्या खणाला हात लागला आणि आत काहीतरी एकदम जागेवर बसलं. रंध्याच्या त्या लाटा! हाच तो हात, असं वाटलं. अगं, त्या खणावरूनच मी सही केली. डॉक्टर शेजारी उभे होते. ते खणात असे डोकावतात की आता त्याला आ करायला सांगतील. त्यांच्यासमोर मी त्या कारागिराचं इतकं कौतुक केलं की त्यांनी तिथेच मेज घेतलं.

तेव्हा खण पालथा कर, डोळे मीट, हात फिरव. मग बोल.

जेवणाची हेळसांड करू नकोस. भांडायला ताकद लागते.

तुझी,
मावशी

१३ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

केलं. तू सांगितलंस तस्संच केलं. सगळे जेवायला गेल्यावर, नाहीतर साहेबांना वाटलं असतं पोरगी खणाला मालिश करतेय.

लाटा आहेत. पण प्रत्येक लाटेबरोबर एक बारीक उंचवटाही धावतोय, दोऱ्यासारखा, तळाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. बॅटरी आडवी धरली तर नजरेलाही दिसतो. रंध्याच्या पात्याला कुठेतरी टवका उडालेला असणार, तेवढं लाकूड मागे राहून जातं. बाकीच्या कुठल्याच खणाला हा दोरा नाही.

आणि मावशी, तो दोरा माझ्या ओळखीचा निघाला. मी फोनवर बोलताना बुटक्या स्टुलावर बसते आणि नकळत त्याच्या खालून बोट फिरवत राहते. इतकी वर्षं त्याच दोऱ्यावरून फिरवतेय. संध्याकाळी खोलीवर जाऊन स्टूल पालथं केलं. तोच दोरा. आज मी स्टूल कामावर घेऊन आले, खणाशेजारी ठेवलं. दोन दोऱ्यांमधलं अंतरही तेच.

तो लबाड माणूस काका आहेत.

तुझी बोटं चुकली नाहीत, गं. त्यांनी ओळखलं. फक्त ओळखीचं वाटलं ते तुला जुनं वाटलं. काकांनी उंबऱ्यापासून माळ्यापर्यंत जे जे बसवलं, त्यावर तू आयुष्यभर हात फिरवलायस. दुसऱ्या कोणाच्या बोटांची अशी गफलत झालीच नसती.

आता मला काही लिहवत नाही. साहेबांनी मेज बघून मान डोलावलीय. माझ्याशिवाय कोणाला कळलेलं नाही आणि कळणारही नाही. तू म्हणालीस तर मी तुझा जुना कागद तसाच पुढे पाठवते. तुझी सही शाबूत, दुकान शाबूत, काकाही शाबूत. लवकर कळव.

उरलेले अर्धे आशीर्वाद पाठव. लबाड म्हटल्याबद्दल काकांची माफी मागितलीय, स्टुलाकडे तोंड करून.

तुझी,
वाळवी

१६ फेब्रुवारी (कार्ड)

वाळवी,
जुना कागद पुढे पाठवू नकोस. थांब. मी माळ्यावर जातेय.
मावशी

१८ फेब्रुवारी

चि. वाळवीस,
अ. उ. आ. पूर्ण. वर थोडे जास्तीचे.

माळ्यावर रंधे ओळीने ठेवलेत, ह्यांनी ठेवले तसेच. शेवटच्याच्या पात्याला टवका आहे. मला आठवतंय तो कधी उडाला. जुन्या फळीत खिळा लपलेला होता. मी म्हटलं होतं की पातं घासून टवका घालवा. हे म्हणाले की निम्मं पातं संपेल, त्यापेक्षा हा रंधा खालच्या बाजूंना वापरतो, तिथे कोण बघतंय. मी एक तुकडा शिकंज्यात धरला, जमेल तसा रंधा मारला आणि डोळे मिटून हात फिरवला. पुढचं लिहीत नाही. तुला कळेल.

कोपऱ्यात कपाटाची एक जुनी पाठ टेकून ठेवलीय, खालून खणापुरती कापून घेतलेली. तिच्यामागे किड्याने चाळण केलेला एक खण. मूळचा. तो बघून हे दार लावून बसले असणार, आणि त्या जुन्या कारागिराचा हात शिकेपर्यंत उठले नसणार. मला वाटलं पुसतायत!

आता एक गोष्ट सांगते. मी डॉक्टरांना सांगत होते की असा हात पुन्हा होणे नाही, हा माणूस भेटला असता तर मी त्याला दुकानातून हलू दिलं नसतं, तेव्हा हे फडकं घेऊन दारात उभे होते. कान लाल. मला वाटलं, कंटाळले. संध्याकाळी जेवताना मला विचारलं की डॉक्टरांना त्या खणाबद्दल काय सांगितलंस. मी सांगितलं. आमटी वाढून घेतली आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. झोपायच्या आधी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा मी खेकसले की कान तपासून घ्या. हसले आणि कूस बदलली.

त्या माणसाला मी खरंच हलू दिलं नाही, बघ. फक्त कोणाला हलू देत नाहीये हे मला माहीत नव्हतं.

सकाळी डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. मग म्हणाले की इतकी वर्षं तो खण ते रोज उघडत होते, खोटा दात शेजारी बसलाय आणि त्यांच्यासारख्याला कळू नये! मग हसता हसता चष्मा काढून पुसायला लागले. म्हणाले की त्यांच्या धंद्यात जो कळत नाही तोच चांगला बसवलेला, पण त्याचं कौतुक करायला कोणी येत नाही. मेजाची किंमत उतरेल, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी हात हलवला, खरं तेच लिहा म्हणाले.

तेव्हा तू खरं लिही. लोक म्हणतील की हिच्या सहीत फट निघाली. निघू दे. पुढचं गिऱ्हाईक दोनदा विचार करेल. करू दे, मी दोनदा हात फिरवेन. नवा कागद माझ्या पिशवीत आहे, की मेज जुनं, आणि डावीकडचा मधला खण माझ्या नवऱ्याच्या हातचा. खाली सही. एवढी वर्षं दुकान चालवलं, पण ह्यांच्या कामाखाली माझी सही आज पहिल्यांदा पडली.

हे पत्र आणि मी एकाच गाडीने निघतोय, बघू आधी कोण पोचतं. रंधाही बरोबर घेतलाय, तुझ्या साहेबांना पुरावा लागेल. त्यांना सांग की तो खण बाहेर काढून पालथा घालून ठेवा, आणि मी आत गेले की दार लावून घ्या, थोडा वेळ कोणी येऊ नका. उलट पत्र लिहायला बसू नकोस, वाचायला मी इथे नाही. टॅक्सीवाला दुसऱ्यांदा हॉर्न देतोय. निघाले.

तुझी,
मावशी