घरात दोन पांगुळगाडे

४ जानेवारी

आमची भिंगरी उभी राहिली! पलंगाची कड धरून, कोणी न सांगता. सासूबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या. बायको दुकानावर निघाली होती, ती चप्पल काढून परत आत. टाळ्या काय, पापे काय! "उभी राहिली गं माझी बाय!"

मीही उभा होतो. दाराशी, वॉकर धरून. रंगकामाच्या परांचीवरून पडल्यापासून आज पहिल्यांदा पलंगापासून दारापर्यंत माझा मी आलो होतो. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "जरा बाजूला व्हा, तिला पुढे येऊ द्या."

झालो बाजूला.

११ जानेवारी

व्यायामवाल्या बाई येऊन गेल्या. डावा पाय अजून फरफटतोच. मी सांगितलं, ठेकेदार पावसाळ्यापर्यंतच थांबणार आहे, मग माझ्या जागी दुसरा रंगारी घेईल. बाई म्हणाल्या, "परांचीचं नंतर बघू. आधी उंबरा चढा."

उंबरा! चार मजली इमारती बाहेरून रंगवल्या आहेत मी.

२० जानेवारी

भिंगरीला पांगुळगाडा आणला. लाकडी, लाल. रंग कोणी दिलाय देव जाणे — सगळे ओघळ! खरं तर घासून नवा हात मारायला तासाभराचं काम. बायकोने सुचवलंही. मी म्हटलं, कंबर दुखते. दुखत नव्हती.

संध्याकाळी मी वॉकर घेऊन घरातल्या बोळातून चाललो होतो, समोरून ती गाडा ढकलत आली. सासूबाई म्हणाल्या, "आता काय, घरात दोन पांगुळगाडे!" सगळे हसले. बायकोही हसली, मग तिने जीभ चावली. पण आधी हसली.

२१ जानेवारी

इथे तरी खरं लिहावं. मला माझ्या पोरीचा हेवा वाटतो. वीतभर पोरीचा! लाज वाटते. तरी वाटतोच.

६ फेब्रुवारी

ती धपकन पडते. उठते. हसते. पुन्हा पडते. मी पडलो की आधी कोणी पाहिलं नाही ना, ते बघतो. मग तिथेच बसून राहतो, जणू बसायलाच आलो होतो. तिला कुठली आलीय भीती! परांचीच्या फळीवरून खाली बघितलंय का तिने कधी? मी बघितलंय. फळी सुटली तेव्हाचा आवाज अजून कानात आहे.

१९ फेब्रुवारी

चालली. काही न धरता, भिंतीपासून थेट आजीच्या मांडीपर्यंत. बायकोने मोबाइलवर काढून गावभर पाठवलं. त्यात मागे मी दिसतो, कमरेपर्यंत. माझ्याबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही.

विचारायला हवं होतं. कारण आजच माझा वॉकर सुटला, हातात काठी आली. जेवताना कोणाच्या तरी लक्षात येईल म्हणून मुद्दाम मोठ्याने विचारलं, "काठी कुठे ठेवू?"

सासूबाई म्हणाल्या, "दाराआड."

८ मार्च

भांडण झालं. व्यायामवाल्या बाई मला व्यायाम द्यायचा सोडून भिंगरीचं तुरुतुरु चालणं बघत बसल्या. "किती गोड!" वगैरे. मी म्हटलं, "बाई, पेशंट इकडे आहे." फार कडू आलं ते तोंडून. बाई उठून माझ्याकडे आल्या.

बायको नंतर म्हणाली, "अहो, शेजारणीची आहे का ती? तुमचीच आहे ना?"

माझीच आहे, म्हणून तर! लोकाच्या पोरीचं मला काय पडलं असतं? ही माझ्यासमोर, माझ्याच बोळातून, माझ्याआधी निघून जाते. दिवसभर पायात पायात असते आणि मग पुढे पळते. आज मनात आलं — एकदा तरी अडखळू दे.

आलं मनात.

२० मार्च

भिंगरी पाय ओढते आहे. डावा.

सासूबाईंना सकाळीच दिसलं. मला वाटलं, झोपेत आखडला असेल. दुपारी तेच, संध्याकाळी तेच. तुरुतुरु चालणारी पोर फरशीवर पाऊल घासत चालते आहे. तळवा दाबला, गुडघा दाबला. रडत नाही. काटा नाही, सूज नाही.

"कोणाची तरी नजर लागली माझ्या बायला," सासूबाई म्हणाल्या.

मी मान वर केली नाही. त्या दिवशी मनात आलेलं कोणाला सांगू? बापाचीच लागते का नजर? असलं काही मी मानत नाही. कधीच मानलं नाही. आज मात्र बायको जवळ येऊन बसली तरी तिच्याकडे बघवत नाही.

पोरीचा पाय बरा होऊ दे. माझा असाच राहिला तरी राहू दे. ठेकेदाराला हवा तो माणूस घेऊ दे.

२१ मार्च

डॉक्टरांची वेळ परवाची मिळाली. आज पलंगावरून उठलोच नाही. भिंगरी दोनदा येऊन चादर ओढून गेली.

२३ मार्च

मुलांच्या डॉक्टरांनी तिचा पाय दाबला, वळवला, गुदगुल्या केल्या. मग मला म्हणाल्या, "तुम्ही जरा खिडकीपर्यंत चालून दाखवा."

मी म्हटलं, "अहो, दाखवायला तिला आणलंय."

"चाला तर खरं."

चाललो. काठी टेकत, डावा पाय ओढत. मागे बायकोला हसू फुटलं, आणि त्यातच रडू. वळून पाहिलं तर भिंगरी माझ्यामागून येत होती. डावा पाय ओढत, खालचा ओठ दातात धरून, रिकाम्या मुठीत काठी असल्यासारखी.

डॉक्टर म्हणाल्या, "पायाला काही झालेलं नाही. ती तुमच्यासारखं चालते आहे."

खिडकीपासून परत येताना डावा पाय उचलून टाकला. कळ आली.

तिनेही उचलला.