उस्ताद भाडेकरू नाही

मी, खाली सही करणारी, बाइंडरीतून निवृत्त झालेली विधवा, हा कागद माझ्या राहत्या घरी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझं ऑपरेशन आहे. डोकं ठिकाणावर आहे. वकिलांनी खात्रीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आहे. लिही म्हणून कुणी धाक घातलेला नाही. धाक होता तो लिहू नकोस असाच, आणि तो आयुष्यभर होता. माझी शाळा लवकर सुटली. छापील ताव दुमडता दुमडता मी वाचायला शिकले, तेव्हा कायद्याची भाषा कुठे चुकली तर अर्थ धरावा.

१. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी असलेलं हे घर माझ्या पतीने हयातीतच माझ्या एकटीच्या नावे केलं. माझे दीर त्याला "भावाचं घर" म्हणतात. कागदावर तसं काही नाही. शाळेची गाडी चालवणारी, जिला सगळी गल्ली उस्ताद म्हणते आणि जी माझ्याबरोबर इथे राहते, तिला मी हे घर माझ्या पश्चात पूर्ण मालकीहक्काने देत आहे.

२. ती माझी कोण, हे आता लिहिणं भाग आहे. मागे मी चक्कर येऊन पडले, तेव्हा इस्पितळाच्या खिडकीवर तिला विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"भाडेकरू," ती म्हणून गेली. सवयीने.

"मग बाहेर बसा."

भाऊजी आले, सह्या त्यांनी केल्या. मी शुद्धीवर आले तेव्हा उशाशी ते होते आणि ती फाटकाबाहेर गाडीत. तेव्हापासून भाऊजी तोच शब्द धरून बसले आहेत. "वहिनी, तुमच्यामागे ही भाडेकरीण जागा सोडेल ना?" हे त्यांनी विचारलं ते तिनेच केलेला चहा पिता पिता.

तिला मी बोल लावत नाही. आधीच्या नोकरीतून तिला नुसत्या कुजबुजीवर काढलं होतं. मग आम्ही कुठे चुलत बहिणी झालो, कुठे मालकीण आणि भाडेकरू. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ झाकून झाकून बोटं आखडतात, हे कुणी सांगत नाही. दारावरची बेल वाजली की अजून दोघी लांब सरकून बसतो. "मावशी, एवढं कसलं टेन्शन घेता?" असं डॉक्टर रक्तदाब बघून विचारतात. आम्ही एकमेकींकडे बघतो आणि म्हणतो, काही नाही.

तर, ती माझी जोडीदार आहे. नवऱ्यावर माझं प्रेम होतं, ते खोटं नव्हतं. ते गेल्याचं दुःख आहे तसंच आहे. नंतर हिच्यावर जीव जडला, तोही खोटा नाही. त्यांचा फोटो तीच पुसते, आणि पुसताना त्यांना सांगते, "तुमच्या बायकोनं आज पुन्हा भाजी करपवली."

३. वरचं कलम वाचून ती भडकली.

"घर राहू दे, 'जोडीदार' हा शब्द काढ. पालकांच्या कानावर गेलं तर गाडीत एक पोर बसणार नाही."

"काढलं तर भाऊजी तुला रस्त्यावर आणतील."

"गाडीत झोपेन."

"टप गळतो तिचा."

एरवी ती हसली असती. वकिलांच्या मते कारण न लिहिताही घर देता येतं. पण दिरांनी दावा लावला, भाडेकरणीने फसवून लिहून घेतलं म्हणाले, तर कारणच कामी येईल. घर माझं असलं तरी नोकरी तिची. म्हणून मी तिला म्हटलं, साक्षीदार तूच आण. वाटलं तर आधी कलम दोन खोड.

४. दाभण, सुया, ताव दुमडायची हाडाची पट्टी आणि पुस्तकं दाबून ठेवायचा लहान दाब, हे बाइंडरीतल्या ज्या बाईला हवं तिने न्यावं. मुकादमाला सुईसुद्धा देऊ नये. "बायांनी पुस्तकं शिवावीत, वाचत बसू नये," असं म्हणून त्याने माझ्या हातातलं पुस्तक ओढलं होतं.

५. आतल्या खोलीतली दुसरी खाट भाऊजींना द्यावी. रोज सकाळी तिच्यावरची चादर आम्ही चुरगळून ठेवत असू, कारण भाऊजी आले की पाणी मागण्याआधी आत डोकावत. तिच्यावर कधी कुणी झोपलेलं नाही. गादी कोरी आहे. बाकी शिल्लक आणि सामान उस्तादचं.

६. माझं काही बरंवाईट झालं तर पहिला निरोप उस्तादला जावा आणि माझा देह तिच्या ताब्यात द्यावा. वकील म्हणतात, उपचारांच्या सह्यांसाठी वेगळा कागद लागतो. तोही केला आहे.

७. आज ती तिघांना घेऊन आली. कलम दोन खोडलेलं नव्हतं. साक्षीदारांनी मजकूर वाचायची गरज नाही, असं वकील म्हणाले.

"वाचू दे," उस्ताद म्हणाली. "मागाहून कळण्यापेक्षा."

समोरचे औषधवाले न वाचताच सहीला तयार झाले. दुसरे गृहस्थ तिच्या गाडीतून जाणाऱ्या एका मुलीचे वडील. त्यांनी वाचलं, पेनाला टोपण लावलं. "मुलीला यापुढे मीच सोडत जाईन," एवढं बोलून ते गेले. वकिलांनी त्या पेनाचं टोपण पुन्हा काढून ठेवलं.

राहिली बेकरीवाली. तिची दोन्ही मुलं त्याच गाडीत असतात. ओळीखाली बोट धरून तिने सावकाश वाचलं. एका जागी बोट थांबलं. उस्ताद भिंतीला टेकून उभी होती, गाडीची किल्ली मुठीत.

"सोमवारी गाडी नेहमीच्या वेळेला ना?"

उस्तादने मान डोलावली.

"मग पोरांना तयार ठेवते. सही कुठे करू?"

हे सर्व मी वाचून पाहिलं. खाडाखोड नाही. साक्षीदारांच्या देखत सही करत आहे.

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार: समोरचे औषधवाले (सही)
साक्षीदार: बेकरीवाली (सही)
ठिकाण: आम्हा दोघींचं घर
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार