सीडीवरची सनई

सांगली,
१४ नोव्हेंबर १९९९

प्रिय शिवतेज,

सप्रेम नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत. मनुआईंना शिरसाष्टांग, विजयमालावहिनींना नमस्कार आणि क्रांतीला एक गालगुच्चा. दिवाळी उरकली. फराळाच्या डब्यांत आता कडबोळ्यांचे तुकडे आणि कधीच न संपणारा चिवडा तेवढा राहिलाय. हळदीचा भाव उतरलाय आणि आमचे वडील माझ्याकडे असे बघतात, जणू तो मीच उतरवला.

वहिनींचं पत्र मिळालं. पाडव्याला तुम्ही व्हीसीडी प्लेअर घेतलात, अभिनंदन! उसाच्या रानात राहून तू सांगलीकरांच्या पुढे गेलास. येत्या अठ्ठावीसला क्रांतीच्या वाढदिवसाला आपली सीडी लावायची, शेजारपाजारच्यांनाही बोलवायचं, असा बेत आहे म्हणे. पोरगी भेटेल त्याला सांगत सुटलीय, "माझं पप्पा टीव्हीत गानं म्हनत्यात." वहिनींनी ते तिच्याच शब्दांत लिहिलंय. ते पत्र खिशात घेऊन मी हिंडतोय आणि उत्तर द्यायचं रोज उद्यावर ढकलतोय.

सीडी तयार आहे. चित्र झकास आलंय. खंडाळ्याच्या दगडाच्या खाणीत आपण केलेला व्हिडिओ, मग कृष्णेच्या घाटावरचा आणि शेवटी टीव्हीवरचा कार्यक्रम, सगळं आहे. तू खांद्यापर्यंत केस वाढवून घाटाच्या पायऱ्यांवर उड्या मारतोयस, मुकुल गिटार गुडघ्यापर्यंत लोंबवून उगाचच रागावलेला आणि मागे मी ड्रम बडवतोय. हार्ड रॉक म्हणजे काय हे तेव्हा सांगलीत तिघांनाच ठाऊक होतं आणि ते तिघे आपणच होतो. 'कातळ' हे बँडचं नाव ऐकून लोक विचारायचे, खडी फोडायचा धंदा आहे का? टीव्हीवर कार्यक्रम लागला तेव्हा मनुआई घाबरून म्हणाल्या होत्या, "आवं, पोराला कुनी मारतंय का काय बगा की!" आठवतं ना?

बघ, मी हे सगळं सांगत बसलोय आणि मुद्द्याला हात लावत नाहीये. फोन करता आला असता. पण फोनवर बोलणार मी एकटाच आणि तू पलीकडून टिचक्या मारणार, एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. ही गोष्ट टिचक्यांवर निभावणारी नाही.

मिरजेला तुझं स्वरयंत्र काढलं तेव्हा क्रांती दोन वर्षांचीही नव्हती. तिला तुझा आवाज आठवत नाही. ऑपरेशननंतर तू पाटीवर पहिलं वाक्य लिहिलंस ते तुझ्या दुखण्याबद्दल नव्हतं. 'कॅसेट जपून ठेव, पोरीला ऐकवायची आहे' असं लिहिलंस आणि पाटी माझ्या हातात दिलीस. मी मान हलवली होती.

शिवतेज, सीडीवर तुझा आवाज नाही.

सीडी करायला लालासाहेबाकडे मी ती कॅसेट दिली. लग्नाच्या शूटिंगचं त्याचं दुकान आहे, माणूस कामाला चोख. सीडी आणायला गेलो तेव्हा दुकानात ही गर्दी. त्याने आवाज बंद ठेवूनच चित्र दाखवलं. नावाभोवती गुलाबाच्या पाकळ्या फिरत होत्या. म्हटलं असू देत. घरी आणून शेजाऱ्यांच्या प्लेअरवर लावली. खाणीत तू तोंड उघडलंस आणि सनई वाजायला लागली. मला आधी हसू आलं. वाटलं, सुरुवातीला त्याने हौसेने घातली असेल. पण घाटावरही सनई, टीव्हीवरही सनई. तू गळ्याच्या शिरा ताणून ओरडतोयस आणि वर मंगलाष्टकांच्या आधी वाजते तसली सनई.

तसाच उठून दुकानात गेलो. लालासाहेब म्हणाला, "सायेब, कॅसेटचा आवाजच बिगाडला हुता. नुसती खरखर आन् कुनीतरी वरडतंय. चार मानसांत लावायची वस्तू, लोक काय म्हनतील? म्हनून सनई घातली. त्याचं येगळं पैसं बी घेतलं न्हाईत." मी विचारलं, कॅसेट कुठाय? तो म्हणाला, "तिच्यावर साखरपुडा भरला की. तुमीच म्हनला न्हवं, ठिवा म्हनून?"

मी त्याला नको ते बोललो. पण खरं तेच तो सांगत होता. सीडी हातात पडल्यावर मीच ऐटीत म्हणालो होतो, "कॅसेट राहू दे तुम्हालाच, माझ्याकडे आता व्हीसीआर कुठाय?" तुझ्या पाटीसमोर मान हलवणारा मीच आणि हे बोलणाराही मीच. लालासाहेबाने त्याच्या समजुतीने चांगलंच केलं. माझ्या करण्याला काही नाव नाही.

शोधायचं बाकी ठेवलं नाही. मुकुलच्या घरच्या कॅसेटला बुरशी लागलीय. तालमीच्या ऑडिओ कॅसेटींवर हॉस्टेलच्या पोरांनी सिनेमाची गाणी भरली, ते तुला ठाऊकच आहे. तुझ्या लग्नाची कॅसेट वहिनींच्या माहेरून मागवली. तिथेही सनईच. तू नाव घेतोस, बायका हसतात आणि ऐकू येते फक्त सनई.

आणखी एक सांगायचंय, तेच सगळ्यात जड जातंय.

लालासाहेबाला फार लागलं होतं. दोन दिवसांनी तो स्वतःच घरी आला. ऑर्केस्ट्रात गाणारा एक जण घेऊन आला होता. म्हणाला, "तुमी चाल सांगा, ह्यो म्हनंल. बारक्या पोरीला काय कळतंय?" मी त्याला हाकलून द्यायला हवं होतं. नाही दिलं. चाल सांगितली, शब्द सांगितले. दुकानात टीव्हीवर तुझ्या ओठांकडे बघत तो पोरगा गायला, लालासाहेबाने ते भरून घेतलं आणि बरोबर बसवलं त्याने. माझ्याबरोबर आलेली अश्लेषा ऐकत होती. ती म्हणाली, "अगदी शिवतेजभाऊजीच वाटतात हो." मी म्हणणार होतो, छे, काहीच्या काही! पण म्हणता येईना. कुठे चुकतंय ते मला सापडेना. तुझे शब्द आठवतात, चाल आठवते, श्वास कुठे घ्यायचास तेही आठवतं. आवाज आठवत नाही. इतकी वर्षं तुझ्या पाठीमागे बसून वाजवलं आणि दोन वर्षांत विसरलो. मनुआईंना तरी तो आठवतो का, हे विचारायचा मला धीर नाही.

तो परक्याचा आवाज मी पुसायला लावला. पोरीला फसवलं असतं, पण तू तिच्या शेजारी बसून ते ऐकलं असतंस, ते मला सोसवलं नसतं.

सीडी टपालाने धाडत नाही. अठ्ठावीसला पहिल्या गाडीने मीच घेऊन येतो. टीव्हीचा आवाज बंद ठेवू. पप्पा कसे उड्या मारायचे ते तरी ती बघेल. आवाज का नाही, ते तिला मी सांगणार. वहिनींवर ते ढकलू नकोस. ती रडली, मला मारायला धावली, तरी तिला आवरू नकोस.

तुला माझं तोंड बघायचं नसेल तर तसं लिही, मी सीडी उंबऱ्यावर ठेवून परत फिरेन. पण त्याआधी एक कर गड्या. तुझा आवाज तुला अजून आठवत असेल, तर कसा होता ते चार ओळींत लिहून ठेव. मी तिला वाचून दाखवेन.

तुझाच,
अनीश