नंदीवर अर्धवट राहिलेलं पान

प्रिय अण्णा,

काल बसवनगुडीत तुमची शोकसभा झाली. मी पाऊण तास बोललो. तुमच्या चातुर्मासातल्या मौनभोजनावर आलो तेव्हा टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या, अण्णा! घरी आलो, हातपाय धुतले, झोपलो. तुम्हाला जाऊन वीस दिवस झाले आणि मला अजून रडू आलेलं नाही. काहीच येत नाही. म्हणून हे पत्र. इथे टाळ्या वाजवायला कुणी नाही.

याच मौनाची मी आधी किती सभांत खिल्ली उडवली होती! "आमचे वडील चार महिने जेवताना बोलत नाहीत. एक शब्द निघाला तर पानावरून उठतात. स्वराज्य काय त्याने मिळालं?" लोक हसायचे. एकदा तुम्ही मागच्या बाकावर बसला होतात, असं अक्काने परवा सांगितलं. तुम्ही का नाही सांगितलंत?

तुम्ही माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितलीत. "वामन्या, एकदा नंदीचा डोंगर दाखव. तुझ्या आईला दाखवतो दाखवतो म्हणालो, ते राहिलंच. मी तरी पाहतो."

यंदाच्या श्रावणातल्या एका रविवारी टॅक्सी केली. तुम्ही, तुमची लेक अक्का, तुमची सून कमल आणि मी. वर पोचलो तर सगळीकडे धुकं. दरी नाही, खालची गावं नाहीत. मी वैतागलो, "एवढ्यासाठी आलो का?" तुम्ही कठडा धरून उभे होतात. "असू दे रे. स्वल्प थांब. सरेल." किती वेळ उभे राहिलात! धुकं सरलं का, मला माहीत नाही. मी कॉलेजच्या पोरांच्या घोळक्याशी भाषावार राज्यांवर वाद घालत होतो.

मग झाडाखाली पानं मांडली. कमलने पहाटे चारला उठून, तुम्हाला चालावं म्हणून सोवळ्यात सगळं रांधलं होतं. लिंबू पिळलेल्या भाताचं चित्रान्न, कोशिंबीर, दहीभात. तुम्ही चित्राहुती घातल्यात आणि मिटल्या तोंडाने जेवायला लागलात. मी पहिला घास घेतला.

"मीठ कुठंय यात?" मी कमलला म्हणालो. "पहाटे चारला उठून हे केलंस?"

"मीठ वेगळं आणलंय. वाढते."

"मिठाऐवजी अक्कल आणायची होतीस!"

"वामन, गप्प जेव," अक्का म्हणाली.

"गप्प जेवायला मी काय अण्णा आहे?" मी हसलो, आणि तुमच्याकडे वळलो. मला तर व्यासपीठच मिळालं! "बोला ना अण्णा. आळणी आहे की नाही, एवढं तरी सांगा. एका शब्दाने जो रागावतो तो देव कसला?"

तुम्ही हातातला घास पानावर ठेवलात.

"तुझ्या आईला मी असाच बोलत असे, वामन. रोज. पानावर बसून. ती गेली त्या वर्षी हे मौन धरलं. देवासाठी नव्हे रे."

मग कमलकडे पाहिलंत. "अन्न चांगलं झालंय, पोरी."

तळहातावर पाणी घेतलंत, प्यायलात आणि उठलात. चार घासही पोटात गेले नव्हते. चातुर्मासात तुमचं जेवण दिवसातून एकदाच. म्हणजे दुसऱ्या दुपारपर्यंत उपाशी. अक्काला रडू फुटलं. "अण्णा, दोनच घास. परतीचा प्रवास आहे."

"सरी, सरी, असू दे. उद्या जेवेन की."

शहात्तराव्या वर्षी, अकरा वर्षं न मोडलेलं मौन तुम्ही सुनेसाठी मोडलंत. आणि मी काय म्हणालो? "बघा, मोडलं मौन. आभाळ कोसळलं का?" मग माझं पान संपवलं. आळणी म्हणून नावं ठेवलेलं सगळं संपवलं. दहीभात मागून घेतला!

उतरताना टॅक्सीत तुम्ही डोळे मिटून होतात. 'अण्णा, माझं चुकलं.' एवढंच म्हणायचं होतं. देवनहळ्ळी गेलं, हेब्बाळ गेलं, घर आलं. हजार माणसांपुढे कधी अडखळलो नाही, आणि हे तीन शब्द नाही निघाले.

त्या उपासाने तुम्ही गेला नाहीत, हे मला कळतं. तुम्ही कार्तिकात गेलात, झोपेत. पण मधले तीन महिने रोज माझ्यासमोर जेवत होतात. तेव्हाही मी म्हटलं नाही.

एक तक्रार माझीही आहे. अकरा वर्षं कारण का लपवलंत? कान धरून सांगायचं होतं! मी ऐकलं असतं का? तेही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

आज सकाळी कमलने आमटी वाढली आणि पळी हातात धरून उभी राहिली. माझा पहिला घास गिळून होईपर्यंत. चौदा वर्षं ती अशीच उभी राहत असणार. मला ते आज दिसलं. मी काही बोललो नाही. तर ती घाबरून म्हणाली, "काय झालं? बिघडली का?"

पाहिलंत अण्णा? माझ्या बोलण्याची भीती होतीच, आता न बोलण्याचीही. म्हणजे तुमचं मौन मला उसनं घेऊन भागायचं नाही. आणि व्रतांवर माझा विश्वास आजही नाही, तुमच्यासाठीसुद्धा नाही.

पण वचन देतो. उद्या कमलला माझ्या शेजारी पान मांडून बसायला सांगेन. तुम्हाला टॅक्सीत म्हणायचं राहिलं, ते तिला म्हणेन. त्याच्यापुढे मी एकही वाक्य जोडणार नाही. मग तिला जे म्हणायचं ते ती म्हणेल, कितीही वेळ, आणि मी ऐकेन.

तुमचा
वामन