दुपारची तीन ताटं

प्रिय बबडे,

फोनवर हे मला धड सांगता येत नाही. तू मध्येच रडतेस, मग मीही गडबडते. म्हणून लिहितेय.

तुझे बाबा गेल्यावर स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं मनच होईना. एका जिवासाठी कशाला भांडी खरकटी करायची, असं म्हणत चहा-बिस्किटांवर दिवस ढकलत होते. कपडे अंगावर लोंबायला लागले, तरी म्हटलं, वय झालं, चालायचंच. मग त्या दिवशी जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली. खालच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरभाऊंनी वेळीच धरलं म्हणून निभावलं.

दवाखान्यातली नर्स घरी येऊन गेली, हे तुला ठाऊक आहे. तिने काय केलं, ते सांगायचं राहिलंच. मला वाटलं, आता ही पोर उपदेशाचे डोस पाजणार. पण ती ओट्याजवळ स्टूल ओढून बसली, सफरचंद कापलं, एक फोड मला दिली, एक स्वतः घेतली. तिची खाऊन संपली, मी आपली तोंडातल्या तोंडात घोळवतेय. "आजी, कवळी बोचते ना?" एवढंच तिने विचारलं आणि माझे डोळे भरून आले. वजन उतरलं तशी कवळी सैल झाली होती, हिरड्या सोलवटल्या होत्या. चावता येईना म्हणून खाणं आणखी कमी. आणि असलं दुखणं कुणाला सांगायची मला लाज! तिनेच दातांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. नवी कवळी बसेपर्यंत अंडं, दही, मऊ शिजवलेल्या भाज्या खायला लावल्या. जाताना बजावलं, "जमेल तेव्हा कुणाच्या तरी सोबतीने जेवा."

मग मीच ड्रायव्हरभाऊंचं दार वाजवलं. त्यांची तऱ्हाही माझ्यासारखीच, विकतच्या बंद डब्यातले मटार उभ्या-उभ्या खायचे. आता ते बाजार करतात, मी रांधते, वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई भाज्या चिरतात. भांड्यांची वेळ आली की मात्र तिघांचेही गुडघे दुखतात! भाऊंना रक्तदाब आहे, म्हणून मीठ माझ्या ताब्यात. "वहिनी, हे जेवण आहे की शिक्षा?" असं कुरकुरतात आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात. परवा नर्सने वजन केलं, काटा बघून टाळीच वाजवली. त्या पोरीचे उपकार मी कसे फेडू, सांग.

आणि तुझेही, बाळा. माझ्यासाठी तू खोली रिकामी केलीस, जावईबापूंनी आपलं टेबल व्हरांड्यात नेलं, खिडकीशी पलंग लावलात. सगळं कळलं, ऊर भरून आला. पण मी कायमची राहायला येणार नाही गं. रागावू नकोस. टेबल परत आत घ्या. सुट्टीत येईन, चार दिवस लाड करून घेईन आणि परत येईन. इथे माझ्यावाचून दोन माणसं उपाशी राहतील.

तुझीच, आता पोटभर जेवणारी,
आई