देवघरातला टेप

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
चिखली, २२ जून २०२५

चि. दीपमाला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

क्रीडा वसतिगृहात मोबाईल जमा करून घेतात हे ऐकून आधी वाईट वाटलं, पण बरंच झालं. फोनवर तू नुसती हं हं करतेस, पत्रात तरी चार ओळी लिहिशील. शेजारच्या शालनबाई रोज जिन्यात अडवून विचारायच्या, तुमची शिडी कुठवर पोचली म्हणून. मी सांगितलं, पाच फूट साडेसहा इंच, आणि उंच उडीला निवडली गेलीय. त्या दिवसापासून बोलणं कमी झालंय.

अर्जातला उंचीचा रकाना मीच भरला होता, आठवतं ना? बाबांनी दाराच्या चौकटीवर पांढऱ्या ऑइलपेंटने आखलेल्या पट्टीला तुला टेकवलं, इंचांचे सेंटिमीटर केले, गुणाकार तीनदा तपासला. एकशे एकोणसत्तर. उंच उडीला एकशे अडुसष्टच्या खाली घेत नाहीत, म्हणजे देवानेच एक जास्तीचा दिला.

बाबांचा मोजायचा स्टीलचा टेप देवघरात आहे तसाच आहे. खंडेनवमीला ते हत्यारांची पूजा करून त्याच टेपने पट्टी ताडून बघायचे आणि मग तुला उभी करायचे. ते गेल्यापासून मी त्याला हात लावलेला नाही. रोज फूल तेवढं वाहते. दूध पीत जा.

तुझी वाट बघणारी,
आई

वसतिगृह, ३० जून

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

काल आमच्या प्रशिक्षक मॅडमनी सगळ्यांची मापं घेतली. उभं राहून, बसून, हात पसरून, पोटरीला टेप गुंडाळून. इथे एकेक नमुना आहे. गोळाफेकीच्या अंजलीचा पंजा म्हणजे आपलं परातीएवढं ताट, आणि हात पसरले की उंचीपेक्षा वीतभर जास्त. उडीतल्या मुलींची कंबर माझ्या बरगडीला लागते. त्यांच्यात मी उभी राहिले की बसल्यासारखी वाटते.

आई, माझी उंची एकशे पासष्ट भरली. मॅडमनी दोनदा मोजली. मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, आकडा चढवून लिहिणारी घरं त्यांना नवी नाहीत. मुली हसल्या. माझं धड लांब, पाय आखूड, पोटऱ्या बारीक, म्हणजे शरीर लांब पल्ल्याच्या धावण्याचं आहे म्हणे. पंधरा जुलैला उडीच्या गटाची यादी लागणार आहे.

तू खोटं का लिहिलंस? मला विचारायचंस तरी. मी एकशे पासष्टच्या उंचीनेही उडी मारलीच असती.

तुझी,
दीपमाला

॥ श्री ॥
चिखली, ६ जुलै

चि. दीपमाला,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. बाळा, तुझ्या आईने देवासमोर बसून आकडा लिहिला होता, खोटा कसा लिहीन?

शेवटी देवाची माफी मागितली, टेपवरचं वाळलेलं कुंकू पुसलं आणि चौकटीला लावला. पट्टीवर साडेसहासष्ट लिहिलंय तिथे टेप पासष्ट दाखवतो. खाली वाकून बघितलं, तर पट्टीची तळातली रेघच नाही. ती फरशीखाली गेलीय.

करोनाच्या दिवाळीत बाबांनी रजेवर असताना जुन्या शहाबादीवर स्वतः नवी फरशी बसवली ना, सिमेंट धरून ती दीड इंच. जमीन वर आली, पट्टी तिथेच राहिली. पुढच्या खंडेनवमीला तू वर्षात साडेचार इंच वाढलेली निघालीस, आणि त्यांनी अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले. मार्गशीर्षात ते गेले. त्यानंतर दर वर्षी मी त्याच पट्टीवर मोजत राहिले. टेप देवघरात होता. एकदा उतरवला असता तर तुझ्यावर ही वेळ आली नसती. पूजा करता करता मी त्याचं कामच त्याच्याकडून काढून घेतलं.

मॅडमना वेगळं पत्र लिहिलंय. चूक माझी, मुलीची नाही.

मनात राग असला तरी असू दे, पण पत्र टाक.
आई

वसतिगृह, १७ जुलै

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

मॅडमनी तुझं पत्र सकाळच्या हजेरीला सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. माफीही मागितली. पण यादी तीच राहिली. त्यात मी नाही. मापाला काय करणार, म्हणाल्या, आणि त्यांचंही खरंच आहे. उद्यापासून तीन हजार मीटर.

संध्याकाळी मैदान रिकामं असताना अंजलीने आडवी दांडी लावून दिली. एक चाळीस, एक पंचेचाळीस, एक पन्नास. एक पंचावन्नला टाच लागली. गादीवर पडून होते बराच वेळ. अंजली दांडी उचलून ठेवून आली.

पेढ्यांचं वाचून रडले. बाबा इंचाचा हजारावा भाग मोजणारे फिटर, आणि त्यांना स्वतःच बसवलेली फरशी दिसली नसेल? दर वर्षी पट्टी टेपने ताडून बघायचे, मग नेमकी त्याच वर्षी नाही? मला वाटतं, दिसली असेल. मी मोठी होतेय हे त्यांना घाईने बघायचं असेल.

पट्टी पुसू नकोस. खंडेनवमीला मी येतेय. आधी टेपने मोज आणि खरा आकडा वहीत लिही. मग मला चौकटीला उभी कर. तिथे मी दीड इंच उंच भरेन. तेवढी बाबांनी पायाखाली घातलेली आहे.

टेप देवघरात ठेवू नकोस आता. वापरात ठेव.

तुझ्यावर रागावलेली नसलेली,
दीपमाला