साईनाथचं नाक

१२ जून, निपाणी
लग्नाला चार वर्षं झाली, पूर्णिमाची कूस रिकामी ती रिकामीच! आणि आज मलाच म्हणते, "आत्या, ह्यांनाबी तपासून घेऊया." माझ्या लेकाला, साईनाथला! बत्तीस वर्षांचा धडधाकट गडी. दाढी विरळ आहे, ती आमच्या माहेरची सगळ्यांचीच. म्हणे तपासा! नाचता येईना अंगण वाकडं.

१५ जून
शालूबाई, माझी नणंद, आलती. "वैनी, गुंजी गावात साईनाथजोगी एक पोरगी हाय. हिला दिवाळीपातूर माहेरी धाड." मी व्हय म्हटलं. पूर्णिमा कप उचलत होती. ऐकू दे.

२१ जून
बेळगावला जाऊन आलो. सून हट्टाला पेटली, आणि आमचा बायकोचा बैल निघाला मागं. डॉक्टर कालचं पोर! पहिला प्रश्न काय — "वास येतो का?" साईनाथ म्हणाला, "न्हाय. कधीच आला न्हाय." तंबाखूच्या वखारीत सगळे नाकाला फडकं बांधतात, हा तसाच वावरतो. मला वाटायचं, सवय. पण नाकाचा आणि पोर होण्याचा काय संबंध! हसूच आलं.

२८ जून
रिपोर्ट आला. दोष साईनाथमध्ये.
डॉक्टर म्हणे, मेंदूतून एक पेप्टाइड सुटतं, त्याच्या हुकमानं खाली बीज तयार होतं. ते सोडणाऱ्या पेशी आईच्या पोटात असतानाच नाकाकडून मेंदूत जातात. ह्याच्या वाटेतच अडकल्या. म्हणून वास नाही, म्हणून बीज नाही. तीस वर्षं विज्ञान शिकवलं मी, हा मला शिकवतोय! वर्ष-दोन वर्षं इंजेक्शनं घेतली तर मूल होईलही म्हणाला.
पूर्णिमा रडली नाही. साईनाथचा हात धरून बसली. माझ्यादेखत! काही लाज?

२ जुलै
शालूबाईला फोन केला, गुंजीचं थांबव म्हटलं. "का गं?" — "पूर्णिमाला औषध चालू केलंय." पूर्णिमा तिथंच भाजी निवडत होती. निवडतच राहिली. मुखदुर्बळ मेली.

५ जुलै
आज पहिलं इंजेक्शन. डॉक्टरांनी सहज विचारलं, "दहावीपर्यंत आवाज फुटला नव्हता, तेव्हा कुणी काही सांगितलं नाही?"
"न्हाय हो," म्हटलं मी.
सांगितलं होतं. शाळेच्या तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिलती — मोठ्या दवाखान्यात लगेच दाखवा. वर्गशिक्षिका मीच, चिठ्ठी माझ्याच हातात. बाईंच्या पोराला असलं काही! गावभर झालं असतं. घरी येऊन बंबात घातली.
साईनाथनं विचारलं होतं, "आई, काय लिवलंय त्यात?"
म्हटलं, "दात नीट घास म्हणून."